कुंडीतला अश्वत्थ



रोज सकाळी एक श्लोक घ्यायचा आणि चहा निवायच्या आत जे सुचेल ते लिहायचं, हा आपला नेम. आज तो मोडतोय. लेख लांब झालाय, आणि त्यात श्लोक कमी, माती जास्त आहे. ज्यांना ऑफिसची बस पकडायची आहे त्यांनी रात्री वाचला तरी चालेल.

काल गीतेचा पंधरावा अध्याय सुरू केला. वीसच श्लोकांचा अध्याय, म्हणून जेवणाआधी म्हणायला कितीतरी घरांत पाठ असतो. आमच्याकडे बाबा म्हणायचे, आणि आम्ही पोरं वरणाकडे बघत बसायचो. पहिल्याच श्लोकात अश्वत्थ येतो, म्हणजे आपला पिंपळ. मुळं वर, फांद्या खाली, आणि पानं म्हणजे वेद. हे झाड माझ्या डोळ्यांपुढे कधीच आकाशाएवढं उभं राहिलं नाही. मला दिसतो तो आमच्या यवतमाळच्या घराच्या गच्चीवरचा, टाकीच्या सावलीतला, परळात लावलेला पिंपळ. बाबांच्या हातात होता तोवर अकरा इंच उंच होता. आता किती झालाय ते पुढे सांगतो.

योगायोग असा, की याच आठवड्यात पुण्याहून एका वाचक ताईंचा मेसेज आला. दिवाळीत कंपनीने सगळ्यांना एकेक बोन्साय भेट दिलं. ताईंनी ते टीव्हीशेजारी ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, असलं खुरटलेलं झाड घरात नको, घराची वाढ खुंटते. आता झाडाची पानं पिवळी पडून गळतायत. ताई विचारतात, "दादा, असं झाड घरात ठेवणं पाप आहे का? आणि ते मरत असेल तर त्याचं पाप कुणाला?"

ताई, पापाचं नंतर बघू. आधी झाड.

खोडाची साल एका जागी नखाने अगदी हलकी खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं निघालं तर थोडं खाली खरवडून बघा, कारण शेंडा मेला तरी बुंधा जिवंत असू शकतो. भेट म्हणून येणारी ही झाडं बहुतेक वेळा नांद्रुकची असतात, वडाच्याच कुळातली. बुडाशी रताळ्यासारखी फुगलेली मुळं असतील तर नक्कीच. नांद्रुक चिवट असतं. जागा बदलली की रुसून पानं टाकतं, आणि पुन्हा फुटतं. तेव्हा पानं गळाली म्हणून लगेच हाय खाऊ नका.

मग कुंडी उचलून बघा. वर छान पांढरे गोटे असतील आणि ते गोंदाने चिकटवलेले असतील तर ते उचकटून फेका, त्यांच्याखाली पाणी मुरतंय की नाही हे कळतच नाही. कुंडीच्या बुडाला भोक आहे का? नसेल तर तेच कारण. मातीचा वास घ्या. आंबूस, कुजकट वास आला तर मुळं सडायला लागलीत, आणि मग ऋतू कुठला हे न बघता झाड बाहेर काढून काळी, मऊ झालेली मुळं कापून मोकळ्या मातीत लावावं लागेल. वास नसेल तर काही उपटू नका. बाल्कनीत सकाळचं ऊन येतं तिथे ठेवा, आणि खत अजिबात देऊ नका. तापातल्या माणसाला आपण पुरणपोळी वाढत नाही ना, तसंच.

आणि टीव्हीशेजारी परत ठेवू नका. शहरातल्या मित्रांची सगळ्यात मोठी चूक हीच. बोन्साय हा शोपीस नाही, ते झाड आहे, आणि झाडाची जागा उघड्यावर. पाहुणे आले, सण आला, तर एखाद-दोन दिवस आत आणावं आणि पुन्हा बाहेर नेऊन ठेवावं. जपानमध्येही असंच करतात. वडाच्या कुळातल्या झाडांना रोज चार-पाच तास तरी ऊन हवं.

हे सगळं मी एवढ्या अधिकाराने सांगतोय, कारण मी एक झाड मारलंय.

२०१४ च्या मे महिन्यात बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. ते आणि आई तीन आठवडे नागपूरला होते, आणि घरी मी. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. बदल्या होत राहिल्या, कळंब, राळेगाव, घाटंजी, पण कुंड्या प्रत्येक बदलीला सोबत गेल्या. त्यातलं बावीस वर्षांचं उंबराचं झाड त्यांचं सगळ्यात लाडकं. त्याच्या बुंध्याला लहान लहान उंबरं लागायची, आणि दत्तजयंतीला ती कुंडी देवघरासमोर यायची.

यवतमाळचा मे तुम्हाला माहीत नसेल. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर, दुपारी रस्त्यावर कुत्रंही नाही. मला उंबराची दया आली. मी त्याला गच्चीवरून खाली आणलं आणि बैठकीत कूलरसमोर ठेवलं. दिवसातून तीन वेळा पाणी द्यायचो, सकाळी पूजा झाल्यावर, दुपारी आणि रात्री झोपताना. बाबा बरे व्हावेत म्हणून जे काही मला करता येत होतं त्यात हे एक होतं, असं आता वाटतं. पानं पिवळी पडली तेव्हा मी चौथं पाणी सुरू केलं.

बाबा घरी आले तेव्हा झाड उघडं झालं होतं. त्यांनी साल खरवडली. चार ठिकाणी. मग काही न बोलता आत जाऊन झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावलं आणि झाड कुंडीतून उपसून माझ्या हातात दिलं. मुळांची साल हाताला लागून पाजावी तशी निघत होती, आणि वास यायचा तो यायला लागला. बाबा एवढंच म्हणाले, "मुळं पानी पेतेत, पन त्याईले हवा बी लागते. तू हवाच ठेवली नाही." रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून पाण्याचा धडा मला कुणी शिकवावा लागला नाही. मुळांना श्वास असतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीत पाणी भरलं आणि ते निघूनच गेलं नाही, तर मुळं गुदमरतात, मग त्यावर बुरशी येते, आणि मेलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत म्हणून वर पानं सुकतात. म्हणजे पाण्यात बुडालेलं झाड तहानलेल्या झाडासारखंच दिसतं! बघणारा आणखी पाणी घालतो. म्हणून घड्याळ बघून पाणी द्यायचं नाही. बोट पेराएवढं मातीत घालायचं, किंवा लाकडाची काडी खुपसून ठेवायची आणि काढून बघायची. ओली निघाली तर आज नाही. वरचा थर वाळायला लागला की द्यायचं, आणि देताना मात्र हात आखडायचा नाही, खालच्या भोकातून धार लागेपर्यंत. आमच्याकडे मे महिन्यात उथळ कुंडीला दोन वेळा लागतं. पुण्यात एकदा पुरावं. पावसाळ्यात आठवडाभर हात लावावा लागत नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत आहार, झोप, काम सगळं बेताचं असावं असं सांगतात, तो श्लोक मी कुंड्यांच्या फळीवर खडूने लिहिला होता. पावसाने पुसला.

आई अजूनही माझ्यामागे उभी राहून सांगते, "त्याले तहान लागली का थे पाह्य आधी, मंग पानी दे."

आता मातीचं. आमचा जिल्हा काळ्या मातीचा, कपाशीचा. ही माती सोनं आहे, पण शेतात. भिजली की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाणी धरून ठेवते म्हणूनच कापूस तिच्यात येतो. हाच गुण उथळ कुंडीत वैरी होतो. फुगल्यावर हवा बंद, आकसल्यावर बारीक मुळं तुटतात. त्यामुळे गावाकडून आठवणीने पिशवीभर काळी माती आणून बोन्साय लावणाऱ्या मित्रांना हात जोडून विनंती, ती तुळशीत थोडी मिसळा, इथे नको.

बाबांचं मिश्रण साधं होतं. वीटभट्टीवरून फुटक्या विटा आणायच्या आणि कुटायच्या. गव्हाच्या चाळणीतून खाली पडेल पण रव्याच्या चाळणीत वर राहील, तेवढा चुरा घ्यायचा. धूळ टाकून द्यायची, कारण धूळच पुढे चिखल होऊन भोक बुजवते. असा विटांचा चुरा दोन वाट्या, जाड रेती एक वाटी, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक वाटी, वर मूठभर निंबोळी पेंड. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसात खत निम्मं करा आणि विटा वाढवा. ताजं शेण कधीही नाही, ते कुजताना तापतं आणि मुळं भाजतं.

कीड आली तर? बहुतेक वेळा पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण येतो, पानाच्या बगलेत. ओल्या कापडाने पुसा, कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी फवारा, आठ दिवसांनी पुन्हा. शेतीच्या दुकानातून जहाल औषध आणून बाल्कनीत मारू नका. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या पावसाळ्यानंतर आमच्या घरात औषधाची बाटली आलेली नाही. एका फुटाच्या झाडासाठी तर नाहीच नाही.

बोन्साय होतं कसं, याबद्दल लोकांच्या मनात भलत्याच कल्पना आहेत. काहीतरी इंजेक्शन देतात, उपाशी ठेवतात, बुटक्या जातीचं बी असतं. तसं काही नसतं. बोन्सायचं बी जमिनीत टाकलं तर त्याचं पूर्ण उंचीचं झाड होतं. लहानपण बियाण्यात नाही, हातात आहे. वर शेंडा खुडायचा, खाली मुळं छाटायची, दोन्हीचा तोल राखायचा. पानं उन्हाने आणि छाटणीने हळूहळू लहान होतात. फुलं-फळं मात्र लहान होत नाहीत, म्हणून वीतभर डाळिंबाच्या झाडाला भलंमोठं डाळिंब लागलं की फांदी जमिनीला टेकते.

आणि सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे पहिल्या दिवसापासून छोट्या कुंडीत ठेवलं की बोन्साय होतं. छोट्या कुंडीत खोड जाड होत नाही. जाड खोड हवं असेल तर रोप आधी जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत लावून दोन-चार वर्षं मोकाट वाढू द्यायचं. इतकंच काय, बुडाजवळची एक फांदी मुद्दाम न छाटता सोडून द्यायची. ती वाढते, पसरते, झाडाचा सगळा आकार बिघडवते, पण तिच्यासाठी जो रस वाहतो त्याने खालचं खोड भरतं. काम झालं की ती कापतात. जगभरचे बोन्सायवाले तिला बळी द्यायची फांदी म्हणतात. सोटमूळ कापून बाजूची मुळं पसरू दिली की मगच परळासारख्या उथळ कुंडीत झाड बसतं. कुंडीची खोली साधारण खोडाच्या जाडीएवढी, लांबी झाडाच्या उंचीच्या दोन-तृतीयांश, हा ढोबळ अंदाज. सुरुवातीला मात्र कुंभाराकडची साधी मातीची कुंडी घ्या, महागडी चकचकीत कुंडी नंतर.

तारेबद्दल थोडक्यात. फांदीला वळण द्यायला अॅल्युमिनियमची तार गुंडाळतात, फांदीच्या जाडीच्या साधारण एक-तृतीयांश जाडीची, तिरकी, सैल नाही आणि आवळून नाही. पावसाळ्यात वड-नांद्रुक इतकं झपाट्याने वाढतं की महिन्या-दीड महिन्यात तार सालीत रुतते. तेव्हा रोज बघा. आणि काढताना उलगडत बसू नका, कटरने तुकडे करून काढा. तारेचा वळ वर्षानुवर्षं जात नाही.

कुंडी बदलायची वेळ आमच्याकडे आणि पुस्तकात वेगळी असते. पुस्तकात वसंत लिहिलेला असतो. विदर्भात वसंतात मुळं छाटलीत तर पुढचे दोन महिने सूर्य त्या झाडाची परीक्षा घेतो, आणि झाड नापास होतं. आम्ही मृग जाऊ देतो. आर्द्रात दोन-तीन चांगले पाऊस झाले, हवेत ओल आली, की मगच कात्री काढायची. मुळांचा तिसरा हिस्सा छाटला तर चालतो, त्याहून जास्त हावरटपणा नको.

झाड कुठलं निवडावं? नवख्याने नांद्रुक, बोगनवेल, कुंती किंवा जेड. चिंचही छान, तिचं पान मुळातच बारीक आणि खोडाला लवकर म्हातारपण येतं. वडाला पारंब्या हव्या असतील तर दमट हवा लागते. आमच्याकडे त्या पावसाळ्यातच फुटतात आणि दिवाळीपर्यंत वाळतात, म्हणून बाबा कोवळ्या पारंबीवर शीतपेयाची नळी चढवून तिला मातीपर्यंत आणायचे. पिंपळ मात्र अवघड. पान मोठं, देठ लांब, फांद्या दाट होत नाहीत. भक्तीपोटी पहिलंच झाड पिंपळाचं लावू नका, निराश व्हाल. आणि रोप शोधायला जंगलात कुदळ घेऊन जाऊ नका. टिपेश्वर असो की पैनगंगा, अभयारण्यातलं झाड तिथेच शोभतं, आणि ते खणणं गुन्हाही आहे. वडा-पिंपळाची रोपं तुमच्या सोसायटीच्या भिंतीत, गच्चीच्या पाइपाशेजारी उगवलेली असतातच. कावळे-मैना फळं खातात आणि बी तिथे टाकतात.

आता ताईंचा पहिला प्रश्न.

बोन्सायला मराठीत वामनवृक्ष म्हणतात. ज्याने हे नाव दिलं त्याला नमस्कार, कारण वामन म्हणजे बुटका एवढाच अर्थ आपल्या मनात राहत नाही. तिसऱ्या पावलाला जागा न उरणारा तो बटू आठवतोच. (आमच्याकडे शेतकऱ्याला बळीराजा म्हणतात, त्यामुळे शेतकऱ्याच्या घरात वामनाचं नाव जरा अडखळतच घेतलं जातं. तो विषय वेगळा, बलिप्रतिपदेला बोलू.) लहान देहात पूर्णपण मावतं, हे मानायला आपली परंपरा तयार आहे. गणपतीची मूर्ती आपण सुपारीतही बघतो.

पण म्हणून मी ताईंना "बिनधास्त ठेवा, काही पाप नाही" असं पटकन म्हणणार नाही. झाडाला वाकवणं, कापणं, बांधणं हे हिंसेच्या अगदी शेजारी आहे, हे मान्य करायला हवं. बाबांना मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "बैलाले येसन घालतो, पोराले शाळेत घालतो. सांभाळता येत नसन तर दोन्ही घालू नये." मला ते उत्तर तेव्हा पटलं नव्हतं, आज अर्धं पटतं.

एक गोष्ट मात्र खरी घडलेली आहे. जपानमध्ये यामाकी नावाच्या घराण्यात एक पाइनचं बोन्साय होतं, १६२५ पासून सांभाळलेलं. त्यांचं घर हिरोशिमात, अणुबॉम्ब पडला तिथून तीन-साडेतीन किलोमीटरवर. ६ ऑगस्ट १९४५ ला घराच्या काचा फुटल्या, पण बागेच्या भिंतीआड असलेलं झाड वाचलं. १९७६ साली मासारू यामाकींनी ते झाड अमेरिकेला भेट दिलं. बॉम्ब टाकणाऱ्या देशाला. आणि देताना बॉम्बबद्दल अवाक्षर काढलं नाही. २००१ मध्ये त्यांचे नातू वॉशिंग्टनला झाड बघायला गेले तेव्हा ही हकिगत तिथल्या लोकांना कळली. झाड अजून आहे, चारशे वर्षांचं. इतक्या पिढ्या रोज कुणीतरी त्याला पाणी दिलंय. ही कला मूळची चीनची. तिथे इसवी सन ७०६ च्या एका राजपुत्राच्या थडग्यातल्या चित्रात सेवकाच्या हातात तबकातली बाग दिसते. पुढे जपानने तिला आजचं रूप दिलं. बोन म्हणजे तबक, साय म्हणजे लावणं, नावाचा अर्थ एवढाच. आपल्याकडेही ती आता परकी राहिलेली नाही. २०१८ मध्ये पुण्यात प्राजक्ता काळे यांनी ३,३३३ बोन्साय एका ठिकाणी मांडून गिनीज विक्रम केला.

तर ताई, माझं मत असं. वाढ खुंटते वगैरे भीती सोडून द्या. सासूबाईंना मात्र तोडून उत्तर देऊ नका, त्यांना झाडाला पाणी घालायला सांगा. पाप असेल तर ते विकत घेऊन विसरण्यात आहे. आणि पुण्य हवं असेल तर ते कुंडीतल्या पिंपळाने मिळणार नाही, त्यासाठी रस्त्याकडेला खरा पिंपळ लावावा लागेल, ज्यावर पाखरं बसतील. सांभाळणं होणार नसेल तर झाड एखाद्या हौशी माणसाला देऊन टाका, त्यातही कमीपणा नाही.

आता गच्चीवरच्या अश्वत्थाची गोष्ट, जिच्यामुळे हा लेख लिहायला बसलो.

हा पिंपळ १९९६ साली शाळेच्या पाण्याच्या टाकीच्या भेगेत उगवला होता. टाकी फुटणार म्हणून काढायचा होता, पण पिंपळाला हात लावायला कुणी तयार होईना. प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगायचा. बाबांनी छिन्नीने सिमेंट फोडून तो मुळांसकट काढला आणि ओल्या पोत्यात गुंडाळून सायकलवर घरी आणला. "तोडलं बी नाही अन् टाकी बी वाचली," हे ते वीस वर्षं सांगत होते.

उन्हाळ्यात बाबा कुंड्यांखाली ओल्या रेतीचे तबक ठेवायचे, हवेत थोडा ओलावा राहावा म्हणून. होतं असं, की भोकातून एखादं मूळ बाहेर पडतं आणि खालच्या रेतीत शिरतं. म्हणून दर पावसाळ्यात कुंडी उचलून ती पळालेली मुळं कापायची. बाबा त्यांना भगोडी म्हणायचे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये बाबा गेले. त्या एप्रिलचं वेगळं सांगायला नको. आई आजारी, मी आजारी, गच्चीचा जिना कुणी चढलं नाही. सहा-सात दिवसांनी मी वर गेलो तेव्हा सात कुंड्या वाळून कोळ झाल्या होत्या. पिंपळाची पानंही गळाली होती. साल खरवडली. हिरवी! कुंडीतली माती दगड झाली होती, पण टाकीतून ठिबकणारं पाणी रेतीच्या तबकात पडत होतं, आणि एक भगोडं मूळ त्या रेतीत होतं. त्याने झाड जगवलं. वैशाखात तांबूस पालवी फुटली, आईला गच्चीवर नेऊन दाखवली.

त्या पावसाळ्यात मी कुंडी उचलली नाही. पुढच्याही नाही. त्या मुळाला कात्री लावायची माझ्या हाताची तयारी नव्हती. ज्या मुळाने बाबांचं झाड वाचवलं ते कसं कापणार? चार वर्षं गेली. मूळ अंगठ्याएवढं जाड झालं, भोकात घट्ट बसलं, आणि त्याच्या जोरावर एका बाजूची फांदी सुसाट निघाली. अकरा इंचांचं झाड दोन फुटांच्या वर गेलं, पानं तळहाताएवढी झाली, दुसऱ्या बाजूच्या बाबांनी वळवलेल्या फांद्या उपाशी राहून दोन वाळल्या. जाणारे-येणारे म्हणायचे, वा, काय जोरात आलाय पिंपळ! मला दिसत होतं की तो बाबांचा पिंपळ राहिलेला नाही. गेल्या महिन्यात कुंडीला बुडापासून काठापर्यंत चीर गेली.

पंधराव्या अध्यायातला दुसरा श्लोक पुन्हा वाचला. वरच्या मुळाची गोष्ट सगळ्यांना आठवते, पण तिथे भगवंत म्हणतात की या अश्वत्थाची मुळं खालीही पसरलेली आहेत, माणसांच्या जगात, कर्माला बांधलेली. आणि तिसऱ्यात ते घट्ट रुजलेलं झाड असंगाच्या शस्त्राने छेदायला सांगतात. आजवर मी हा श्लोक घरदार सोडणाऱ्यांसाठी आहे असंच समजत होतो. बाबांनी तो रोज जेवणाआधी म्हटला आणि दर पावसाळ्यात भगोडी मुळं कापली. दोन्हींचा संबंध त्यांनी कधी बोलून दाखवला नाही. होता की नाही तेही मला माहीत नाही.

आर्द्रातला तिसरा पाऊस झाला त्या संध्याकाळी कुंडी फोडली. बाबांची कात्री पुरेना, करवत घ्यावी लागली. आई जिन्याच्या दारात पाटावर बसली होती. मूळ सुटलं तेव्हा पांढरा चीक भळाभळा आला, ओल्या फडक्याने पुसत राहिलो, थांबायला बराच वेळ लागला. मग हळदीचा लेप लावला. वरची सुसाट फांदीही कापली, नाहीतर उरलेली मुळं तिला पाणी पुरवू शकली नसती. नवी कुंडी, विटांचा चुरा, बुडाला जाळी, झाड हलू नये म्हणून तारेने बांधलं. खालून धार लागेपर्यंत पाणी दिलं.

"जगन का रे थे?" आईने विचारलं.

आज अकरावा दिवस आहे. टाकीच्या सावलीत ठेवलंय, वर हिरवी जाळी बांधलीय. खाली रेतीचं तबक नाही. अजून डोळा फुटलेला नाही. रोज सकाळी जातो, माती बघतो, आणि हात न लावता परत येतो. साल खरवडून बघायचा मोह होतो, पण ती एकदाच खरवडायची असते.

ताई, तुमच्या झाडाचं काय झालं ते कळवा. उद्या चौथा श्लोक घेऊ.

राम कृष्ण हरी.